जिवंत अस्तर

प्रिय ताई,

पाकिटावर माझं अक्षर बघूनच तुझ्या कपाळाला आठी पडली असणार. फोन असताना ह्यानं कागद का खरडलाय, असं म्हणत तू ते शिलाईमशीनच्या फळीवर टाकलंही असशील. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, हे एक कारण. दुसरं वाचता वाचता कळेल. तेव्हा मशीनवरचा पाय काढ, चष्मा लाव आणि मधली पानं गाळून शेवटाकडे उडी मारू नकोस. तुझी ती खोड मला लहानपणापासून माहीत आहे.

बातमी आधीच सांगून टाकतो. तीन-चार महिन्यांपूर्वी मी पोटात नळी घालून तपासणी करून घेतली. कर्करोग नाही. ही ओळ हवी तर पुन्हा वाच. पण ज्या वाटेनं बाबा गेले, त्या वाटेवर माझ्या जठराच्या अस्तरानं पहिली काही पावलं टाकलेली आहेत. तिथून ते पुढे जाईलच असं नाही. पण नजर ठेवायला हवी. तू घाबरू नकोस, मी पुरेसा घाबरून झालोय. तेवढं दोघांना पुरावं.

माझं काम तुला कधी नीट कळलं नाही. टाक्यांना रबरी चपला घालतो आमचा धाकटा, असं तू भर लग्नघरात म्हणाली होतीस आणि सगळं वऱ्हाड हसलं होतं. तर नीट सांगतो. कारखान्यात ॲसिड साठवायची टाकी असते लोखंडाची, आणि ॲसिड लोखंड खातं. म्हणून आतून रबराचं अस्तर लावायचं. पत्र्याला आणि रबराला मध्ये केसाएवढीही हवा सापडता कामा नये. हे मला कुणी शिकवलं नाही. बघून शिकलो, हात भाजून घेऊन शिकलो, आणि जाड जाड पुस्तकं शब्दकोश मांडीवर घेऊन फोडली. माझं अस्तर सोललं म्हणून आजवर एकही टाकी परत आलेली नाही. कोटाच्या अस्तरात तुझा हात धरणारं कुणी नसेल, पण टाकीच्या अस्तरात माझा कुणी धरून दाखवावा!

सगळं लावून झालं की शेवटची परीक्षा अंधारात असते. आतला दिवा मालवायचा आणि वीज सोडलेला तारेचा ब्रश भिंतीवरून सावकाश फिरवायचा. रबरात सुईच्या टोकाएवढं भोक राहिलं असेल, तर तिथे निळी ठिणगी उडते. टाकीत आपलाच श्वास आपल्याला दुसऱ्या कुणाचा वाटतो. ब्रश सळसळत असतो, डोक्यावर, आजूबाजूला सगळं काळंभोर. त्या आभाळात एकही तारा दिसू नये असं मनोमन मागणारा माणूस जगात मी एकटाच असेन. कधी कधी काम संपल्यावरही मी तिथे जरा वेळ उभा राहतो. वर जावंसंच वाटत नाही.

तपासणीच्या दिवशी गुंगीचं औषध देऊन मला कुशीवर झोपवलं, आणि मी थेट अशाच एका टाकीत उतरलो. फक्त भिंती काळ्या नव्हत्या. गुलाबी होत्या, ओल्या होत्या, आणि सावकाश आत-बाहेर होत होत्या, झोपलेल्या बाळाच्या पोटासारख्या. मी नेहमीच्या सवयीनं बोटानं ठोकून पाहिलं, तर आवाजच येईना. बोट ऊबेत रुतलं. पुढे वळणावर बाबा स्टुलावर बसलेले. टपालाच्या थैल्या वाहून आल्यावर बसायचे तसेच, एक हात बरगडीखाली दाबलेला, मांडीवर ताट. ताटातला शेवटचा घास त्यांनी चमच्यावर घेतला, वर चिमूटभर मीठ भुरभुरलं आणि लहानपणी आपल्याला आळीपाळीनं भरवायचे तसा चमचा पुढे केला. तू मला कोपरानं ढकललंस. स्वप्नातसुद्धा, ताई! मी म्हटलं, बाबा, आज माझी पाळी. ते हसले, आणि तेवढ्यात कुणीतरी माझ्या गालावर थापट्या मारत, काका, झालं हं, उठा, असं म्हणायला लागलं.

ती डॉक्टरीण. वयानं आपल्या पोरीएवढी, बोलायला फटकळ, अगदी तुझ्याच साच्यातली. तिनं मला माझ्या जठराचे फोटो दाखवले. गुलाबी भिंतीवर फिकट, करडे डाग, ओल धरलेल्या जागी शेवाळ चढतं तसे. तिथून कण काढून तपासले होते. एक जंतू लहानपणीच पोटात शिरतो म्हणे आणि ॲसिडमध्ये बिऱ्हाड थाटून राहतो. त्याला हाकलायला आपलं शरीर सैनिक धाडतं आणि ते प्राणवायूचेच पेटते कण फेकून मारतात. जंतू बहुतेक वेळा वाचतो. पोळतं आपलंच अस्तर. वर्षानुवर्षं रोज थोडं. वरून खारट खाणं आणि सिगारेट त्यात तेल ओततात, आणि माझ्याकडे दोन्ही होतं. शेवटी नवं अस्तर उगवताना जठराला आपण जठर आहोत ह्याचाच विसर पडतो. काही जागी आतड्यासारखं अस्तर उगवतं. ते करडे डाग म्हणजे तेच. त्यातलं एखादं पुढे बिघडू शकतं.

मला ह्यात नवीन काही वाटलं नाही, असं मी तिला ठणकावून सांगितलं. रबरही हवेतल्या प्राणवायूनंच म्हातारं होतं. आधी चकाकी जाते, मग ते कडक होतं, मग भेगा. म्हणून रबर बनवतानाच त्यात म्हातारपण लांबवणारी पूड घालतात. माणसासाठीही तशा गोळ्या मिळतात, हे मी वाचून काढलं होतं आणि रिपोर्ट यायच्या आधीच दुकानातून आणून मूठमूठ गिळायला लागलो होतो. बाटल्या मी तिच्या टेबलावर ओळीनं मांडल्या, शाबासकी मिळेल अशा थाटात. तिनं एकेक उचलून पाहिली आणि म्हणाली, काका, आत भट्टी पेटलेली ठेवून बाहेरून भिंतीवर पाणी मारताय होय? आधी भट्टी विझवू या की! अश्शी हसली. मला राग आला. घरी येईपर्यंत तो टिकवून ठेवला, आणि रात्री जेवताना नाइलाजानं पटलं.

मग तिनं दिलेली खरी औषधं घेतली. तोंडात सतत जुनं नाणं ठेवल्यासारखी चव. पुन्हा तपासलं तेव्हा जंतू गेलेला होता. सिगारेट सोडली. मिठाची वाटी ताटाजवळून उठली. तुझी भावजय म्हणते, डॉक्टरणीनं सांगितलं म्हणून ऐकलंत, माझं कधी ऐकलं नसतंत. डाग मात्र आहेत. काही मागे हटतील, काही हटणार नाहीत. काही वर्षांनी पुन्हा आत बघायचं.

पण एक गोष्ट मनातून जात नाही. डॉक्टरीण म्हणाली, जठराचं वरचं अस्तर काही दिवसांतच नवं होतं. जुनं गळतं, खालून नवं वर येतं, आयुष्यभर. ताई, इतक्या वर्षांत मी लावलेलं अस्तर एक इंचही स्वतःहून भरून आलेलं नाही. आणि हे माझ्याच पोटात, मी झोपलेलो असताना, कुणी न सांगता, न पाहता चालू होतं. दुसऱ्या कुणाच्या कामाला मी सहसा मान देत नाही. ह्या कामाला दिला.

जंतू कुठून आला असेल, असं मी विचारलं होतं. नक्की सांगता येत नाही, बहुतेकदा लहानपणी, घरातच, एकाच्या तोंडातून दुसऱ्याच्या, असं ती म्हणाली. मला तो शेवटच्या घासाचा चमचा आठवला. बाबांनी दिला असेल तर तोही लाडानंच दिला. आणि आपण काय म्हणायचो? आपल्या घराण्याची पोटंच तापट. आत्याचं तापट, बाबांचं तापट. लोक नाक कुणावर गेलंय ते सांगतात, आपण पोट सांगायचो, तेही ऐटीत. आजाराला आपण स्वभाव समजत आलो.

आता ते दुसरं कारण. परवा तुझ्या लेकीचा फोन आला होता. तिच्यावर चिडू नकोस, ती रडत होती. तू चार घासांत ताट सारतेस म्हणाली. गिऱ्हाइकांना सांगतेस की चालायला जाते म्हणून बारीक झाले. स्वतःचे कपडे वर्षात दोनदा आत घेतलेस आणि तिनं विचारलं तर म्हणालीस, आपल्याकडे पोटं अशीच असतात. ताई, नसतात. कारण साधंही निघेल, पण ते आत बघितल्याशिवाय तुलाही कळणार नाही आणि मलाही. म्हणून येत्या गुरुवारी सकाळी त्याच डॉक्टरणीकडे तुझी वेळ घेतली आहे. आदल्या रात्रीनंतर काही खायचं नाही. मी बुधवारीच तुझ्याकडे मुक्कामाला येतोय, तेव्हा दार उघडायचं नाही वगैरे नाटक करू नकोस. आमच्या धंद्यात एक नियम आहे. टाकीत माणूस उतरला की तोंडाशी दुसरा उभा राहतो आणि आतला बाहेर येईपर्यंत जागचा हलत नाही. कुणी हाक मारो, पाऊस येवो, कारखान्याचा मालक येवो. गुरुवारी तो दुसरा माणूस मी आहे. तू डोळे उघडशील तेव्हा दारातच असेन.

तुझाच,
धाकटा