कुरकुरीत रिंगांची तपासणी

प्रिय ठोंब्या,

गेल्या रविवारी भर दुपारी मी तुला फोन केला, कांद्याबद्दल एकच प्रश्न विचारला आणि उत्तर मिळताच ठेवून दिला. त्यावर तुझा मेसेज आला, ताई, तब्येत बरी आहे ना. बरी आहे. त्या फोनच्या मागे घरात काय चाललं होतं ते सगळं लिहून कळवते आहे, कारण बोलायला गेले तर तू हसण्यावारी नेशील, आणि तुझ्यामागे मीही.

स्वतःच्या दुकानासाठी तू घराची पुढची खोली मागितलीस तेव्हा बाबांनी काय सांगितलं ते तुला पाठच असेल. माझ्या दारात तळणीचा वास नको. इकडे खोली नाही, तिकडे तुझा मालक मॅनेजरकीचा पाच वर्षांचा करार पुढे करून बसलेला, आणि महिनाअखेरीला त्याला हो की नाही ते सांगायचं. तू मला मध्ये पडायला सांगितलं नाहीस, हे बरं केलंस. मी एक शब्द बोलले असते तर बाबा दुप्पट अडून बसले असते. सुरुवात आईने केली. जेवता जेवता ती म्हणाली, अहो, पोरगा इतकी वर्षं तिथे तळतोय काय ते एकदा खाऊन तरी बघा, मग खुशाल नाही म्हणा. बाबा म्हणाले, बाहेरचं मी खात नाही. आई म्हणाली, मग घरचं खा, ही आहे ना इंजिनिअर घरात. झालं. ही म्हणजे मी.

तू मागे पाठवलेली कांद्याच्या रिंगांची कृती माझ्याकडे होती. मोठे, कडक कांदे, जाड चकत्या, प्रत्येक रिंग सुटी करून आधी कोरड्या मैद्यात, मग बर्फासारखं गार सोडावॉटर घालून कालवलेल्या पिठात, मग ब्रेडच्या चुऱ्यात. चकत्या मी कापत होते तेवढ्यात बाबा कपाटातून व्हर्नियर घेऊन आले. कारखान्यात जन्मभर बेअरिंगच्या रिंगा तपासलेला माणूस, त्याला दुसरं काय सुचणार. जाडी मोजून ते चकत्या निवडायला लागले. आईने कपाळाला हात लावला आणि डब्याचं लाल झाकण त्यांच्यापुढे सरकवलं, नापास मालासाठी. तिने ते चेष्टेने दिलं, त्यांनी मनापासून घेतलं.

पहिला घाणा दिसायला देखणा होता. सोनेरी, फुगलेला, अगदी तुझ्या मालकाच्या दुकानाच्या फोटोतल्यासारखा. बाबांनी एक रिंग उचलून दातांनी तोडली आणि आतला कांदा बुटाच्या नाडीसारखा सबंध बाहेर आला. हातात नुसतं पोकळ कवच. माल वेगळा, कवच वेगळं, असं म्हणून त्यांनी ते लाल झाकणात ठेवलं. एकामागून एक सगळा घाणा त्याच वाटेने गेला. वर म्हणाले, हेच शिकायला गेला होता होय.

मला राग आला, आणि राग आला की मी काय करते ते तुला माहीत आहे. लोकांचे तापमापक खरं बोलतात की नाही हे तपासून मी पोट भरते, म्हणून पहिला संशय तेलावर घेतला. तापमापक उकळत्या पाण्यात घालून पाहिला, बर्फात घालून पाहिला. चोख. तेलाचं तापमान बरोबर. मग पीठ घट्ट केलं, सैल केलं, पुन्हा नव्याने कालवलं. कांदा सुटायचा तो सुटतच होता. दोन जाणती माणसं, हाताशी मोजमापाची सगळी हत्यारं, आणि आमच्यापैकी एकालाही नुसत्या कांद्याकडे बघायचं सुचलं नव्हतं. शेवटी बाबांनी एक कच्ची रिंग खिडकीच्या उजेडात धरली आणि आतल्या बाजूने नख फिरवलं. पातळ, पारदर्शक, बुळबुळीत पापुद्रा निघाला. म्हणाले, अगं, ग्रीस न पुसता रंग मारतोय आपण, तो धरणार कसा?

मग नखावरचा पापुद्रा पुसत त्यांनी विचारलं, त्याला हे माहीत असेल?

तो माझा फोन. स्पीकर चालू होता, हे आज सांगते. आतल्या पापुद्र्याचं काय करतोस, एवढंच मी विचारलं. तू म्हणालास, काय करणार, काढायचाच असतो, त्याशिवाय कुणी तळतं का? दात कोण घासतं असं विचारल्यासारखा तुझा सूर होता. तुझ्या ते इतकं अंगवळणी पडलंय की कृतीत लिहावं असं तुला वाटलंच नाही. पुढे आपणहून बोललास की नवीन आलेल्यांना पहिला आठवडाभर तू नुसते पापुद्रे काढायला बसवतोस, तळणीजवळ फिरकू देत नाहीस, मग ते तुला मागून कितीही शिव्या देवोत. बाबांनी कारखान्यात नवीन माणसांना महिनाभर फक्त रिंगा पुसायला बसवलेलं, आणि त्याही लोकांनी शिव्या दिलेल्या. तुला हे कुणी शिकवलं नव्हतं. मी फोन ठेवला तेव्हा बाबा माझ्याकडे बघत नव्हते. कांद्याचं ताट मांडीवर ओढून ते एकेक पापुद्रा सोलायला लागले होते.

दुसऱ्या वेळी घोळवलेल्या रिंगा मी जाळीवर सुकू दिल्या, आणि दर घाण्यानंतर तेल पुन्हा तापेपर्यंत हात आवरला. बाबांनी पहिली तोडली. कडकन आवाज आला, आई स्वयंपाकघराच्या दुसऱ्या टोकाला होती तिलाही ऐकू गेला. कांदा जागचा हलला नाही. त्यांच्या खात्यात चांगलं म्हणायची पद्धत कधीच नव्हती. नापास ते लाल ट्रेमध्ये जायचं, बाकीच्याबद्दल कुणी बोलत नसे. आईने विचारलं, काय हो, झाकण रिकामंच? ते म्हणाले, एका नमुन्यावर सांगता येत नाही. मग दुसरी खाल्ली, तिसरी खाल्ली. नमुना काढून तपासणारा माणूस त्या दिवशी सगळा माल तपासून उठला. आई आणि मी तळाचा चुरा खाल्ला.

काल सकाळी त्यांनी पुढच्या खोलीतलं आपलं कामाचं टेबल मागच्या व्हरांड्यात नेलं. हत्यारंही नेली. मग मला विचारलं, दोन तळण्या चालल्या तर धूर किती होईल आणि तो खेचायला पंखा केवढा लागेल. मी हिशोब करून दिला. पंख्याच्या भोकासाठी त्यांनी भिंतींवर पेन्सिलीने दोन गोल काढलेत, एक डावीकडे, एक उजवीकडे. मी म्हटलं, त्याला कळवा. ते म्हणाले, मी बोलावणार नाही. बापाने बोलावलं म्हणून आला असं व्हायला नको, त्याचं त्याने ठरवू दे. पण खोली मिळाली आहे हेच ठाऊक नसेल तर तू ठरवणार कशाच्या जोरावर? म्हणून हे पत्र. आणखी एक गोष्ट आहे, ती मी तोंडाने सांगणार नाही. परवा कामावर एकीने विचारलं, भाऊ काय करतो. मी सांगत गेले, आणि दोघींचाही चहा गार झाला. तेव्हा करारावर सही करू नकोस. भोक डाव्या भिंतीला पाडायचं की उजव्या, हे इथल्या दुकानाच्या मालकाने येऊन सांगायचं आहे. बाबा गवंड्याला थांबवून बसलेत.

तुझीच,
ताई