बाबूचं उष्टं ताट

लोहारा

अहो,
सप्रेम जयभीम. तुमचा पत्ता न्हाय, तरी लिहिते.

तुमच्या आई समदं विसरल्या, पण लेकाआधी जेवायचं न्हाय, एवढं विसरल्या न्हाईत. "बाबू जेवला का?" म्हणतात आणि तुमचं उष्टं ताट बघितल्याबिगर घास घेत न्हाईत. तुम्ही घर सोडून तीन वर्षं झाली. तवापासून तुमच्या ताटात मीच जेवते आणि ते त्यांना दाखवते.

या विसरायच्या आजारात खाण्यापिण्याचा काय हात असतो, हे शोधणाऱ्या डॉक्टरीणबाई दर महिन्याला आईंचं रक्त नेतात. खाल्लेल्याचं रक्तात काय उरतं ते बघतात, मेटाबोलोमिक्स म्हणतात त्याला. आई काय जेवल्या, ते मी वहीत लिहायचं.

मागं भाचीच्या लग्नाला दोन दिवस मुरूमला गेले. आईंना शेजारच्या सुमनबाईंवर सोपवलं, पण लाजेनं ताटाचं सांगितलंच न्हाय. आईंनी पाण्याबिगर काही घेतलं न्हाय. परतले त्याच सकाळी रक्त द्यायचं होतं. वहीत मी नेहमीसारखं 'भाकरी, वरण' लिहून टाकलं.

डॉक्टरीणबाई पुढच्या खेपेला तावातावानंच आल्या. "वहीत भाकरी अन् रक्तात उपास? जेवणाच्या बारीक खुणा रक्तात उरतात बाई, त्या खोटं बोलत नाहीत."

मी वही मिटली. नवरा निघून गेलाय, हे कुठल्या तोंडानं सांगू?

आता मी कुठंच जात न्हाय.

काल तुमच्या ताटावर बसले होते. आईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "बाबू, पोटभर जेवलास का रं?"

मी व्हय म्हणाले.

तुमच्या ताटावरची,
पौर्णिमा