कळशीवरचं नाव

बाबा,

त्या बुधवारी आई पाणीगेटच्या बाजारातून पितळेची कळशी घेऊन आली, तेव्हा खुशीत होती. 'बेन, नाम शुं लखुं?' असं भांडेवाल्यानं विचारलं आणि तिनं माहेरचं नाव घालून घेतलं, आनंदी खानवलकर. 'एक तरी भांडं माझं असू दे,' मला म्हणाली आणि मेथी निवडायला बसली.

संध्याकाळी तुम्ही ते नाव वाचलंत. 'दिघ्यांच्या घरात हे आडनाव?' म्हणत तीच कळशी तिच्या डोक्यात घातलीत. आई खाली पडल्यावरही घातलीत. डॉक्टरांना सांगितलंत, न्हाणीघरात पाय घसरला.

लग्नानंतरही मी दिघेच राहिले, हे तुम्ही दहाव्याला आलेल्यांनाही कौतुकानं सांगत होतात.

चहा थर्मासमध्ये आहे. रक्तदाबाची गोळी रात्री जेवल्यावर घ्या. कळशी शोधू नका. पोचा आलेली ती कळशी मी पोलीस चौकीत नेते आहे. तिथे नाव विचारतील तेव्हा दिघेच सांगेन. हे तुमच्या मुलीनंच सांगायला हवं.

हे लिहायला बसण्याआधी तुमच्या दाराशी उभी राहिले. तुम्ही दुपारच्या झोपेत घोरत होतात. तरी मी मोठ्यानं म्हटलं, बाबा, आईला तुम्ही ठार मारलंत.

नीरा दिघे