हरभऱ्यावरचं कापड

१४ डिसें.
थंडी जोरात. धुळ्याहून शांतारामचा फोन. महिन्याभरानं त्याची चित्रं तिथल्या हॉलमध्ये लावणार म्हणे. सात पाहिजेत, सहा झाली. चित्रं कसली, डाग. कापडावर केळीचा चीक, बाभळीच्या शेंगांचं पाणी, गंजके नट. अठ्ठावीस वर्षं यानं माझ्या बोर्डांना खालच्या रंगाचं अस्तर मारलं, अक्षरं मी काढली. सरळ रेघ त्याला कधी आली नाही. आता तर हातही कापतो. नि बघायला नाशिकहून लोक येतात.
सातवं माझ्या हरभऱ्यावर करायचं म्हणतो. हो म्हणून बसलो. का, कुणास ठाऊक.

१७ डिसें.
शां. आला. सोबत मुलगी, सुनीता. मांजरपाटाचं कापड आणलेलं. सूर्य बुडताना हरभऱ्यावर पसरलं, वर नट नि शेंगा टाकल्या. कुठंही, हात थरथरत पडेल तिथं.
ही रीत माझ्या आईची. थंडीत ती असंच जुनं धोतर हरभऱ्यावर पसरायची. सकाळी दवासोबत पानांवरची आंबट आंब त्यात उतरलेली असायची, ती पिळून बाटलीत. पोटदुखीला. शां. तेव्हा आमच्याकडेच जेवायचा, बघायचा. बघत तर मीही होतो.
सुनीताला ऐकवलं, "ही माझ्या आईची रीत हां."
"हो नाना, बाबा सगळ्यांना सांगतात."
सगळ्यांना सांगतो! म्हणजे भांडायलाही जागा ठेवली नाही.

१८ डिसें.
सकाळी कापड ओलंगच्च, रंग काहीच नाही. बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.
ऊन लागलं तसे डाग उठले. आधी करडे, मग तपकिरी, नटांभोवती काळे. मधे मोकळं. पहाटे आमच्या किल्ल्यामागं धुकं असतं नि गावात कोणी उठलेलं नसतं, तसं. शां. खाटेवर बसून नुसता बघत होता. तासभर. मीही बसलो. चहा गार झाला.
मग म्हटलं, "चहा सांडल्यासारखं दिसतंय."
"साखर कमी पडली का रे नाम्या?" हसला मेला.

२१ डिसें.
मीही कापड पसरलं. कोणाला सांगितलं नाही. चोवीस नट. दोरी मारली, फुटपट्टीनं अंतर घेतलं, ओळीत ठेवले. काम नीट झालं पाहिजे.

२२ डिसें.
चोवीस डाग. चोवीसही सारखे. शर्टाची बटणं.
सौ. नं पाहिलं. "आते हाई धुवाले टाकू का?"
टाक म्हटलं. धुऊनही गेले नाहीत. आता ते कापड ज्वारीच्या कोठीवर झाकायला.
वर बोलली, "तुम्हना हात चांगला शे, त्याना कापस. तरी पोटमा तुम्हनाच दुखस!"
जेवलो नाही. ताट तिनं झाकून ठेवलं. नंतर जेवलो.

३० डिसें.
एस.टी.नं धुळे. शां.च्या घरी सहा चित्रं भिंतीला टेकवलेली, सातवं गुंडाळून बाजूला. कॉलेजचे एक सर आले होते. एकापुढं उभे राहिले ते राहिलेच. माझ्या बोर्डापुढं असं कोणी उभं राहिलं नाही. वाचलं नि गेले. टायरचं दुकान कुठं ते कळलं, संपलं.
सर गेल्यावर शां. म्हणतो, "कोपऱ्यात माझं नाव घाल. तुझ्या अक्षरात. माझ्या हातानं होत नाही."
"छापून घे. फ्लेक्सवाले मेले काय?"
"नाम्या, अठ्ठावीस वर्षं प्रत्येक बोर्डाच्या कोपऱ्यात 'नामदेव आर्ट्स, सोनगीर'. मी काही म्हटलं?"
सुनीता चहा घेऊन दारातच थांबली.
"तू मागितलं नाहीस."
"आज मागतो ना."
चहा न घेता निघालो. स्टँडवर घेतला. पाणचट.

४ जाने.
हायवेवर गेलो. माझा एक बोर्ड अजून आहे, पंक्चरवाल्याकडं. अक्षरं उडाली, अर्धी वाचता येत नाहीत. कोपऱ्यातलं माझं नाव तेवढं दिसतं. शां.च्या अस्तराला मात्र एक पापुद्रा नाही सुटलेला. नखानं खरवडून पाहिलं. घट्ट.
इथंही तोच टिकला.

९ जाने.
गेलो. नावं घातली, सहाही. पहिल्यावर ब्रश टेकवणार, तर हात आपोआप 'ना' काढायला निघालेला. थांबलो. शां. मागं उभा, श्वास ऐकू येत होता. 'शांताराम' पाच वेळा चांगलं आलं, सहाव्याला 'म' जरा आखूड.
ते सर परत आलेले. म्हणाले, "सही काय सुंदर आहे!"
पहिल्यांदा कोणी सुंदर म्हटलं. तेही त्याच्या नावाला. माझ्या तोंडाकडं बघून शां. म्हणाला, "सर, अक्षर नामदेवचं." सर म्हणाले अच्छा, नि परत डागांकडं वळले.
निघताना सातवं माझ्या काखेत दिलं. "हे तुझ्या शेतातलं. घरी ने. तुला पटेल ते नाव घाल."
मोठेपणा दाखवतो. यावरही त्याचं नाव मागितलं असतं तर सरळ नाही म्हणालो असतो.

११ जाने.
सुनीता दुपारी न्यायला येणार. सकाळपासून चित्र खाटेवर, उन्हात. तीनदा उठलो, तीनदा पुढं जाऊन बसलो. मधल्या मोकळ्या जागेत काहीच नाही, तरी नजर तिथंच जाते. हरामखोराला हे कसं जमलं.
सौ. म्हणते, "दोन्ही नावं लिखा ना. जागा शे."
वर कुणाचं, ते सांगत नाही.
कोपऱ्यात पेन्सिलीनं रेघ मारून ठेवली. बारीक. सरळ. माझीच. लांबी किती धरायची ते ठरेना. माझ्या नावाची, चार अक्षरं, की दोन्ही नावांची. की त्याच्या एकट्याची, तीही चारच अक्षरं.
रंग कालवलेला. कडेनं वाळायला लागलाय.
गाडीचा आवाज. तीच असणार. अजून रेघ रिकामीच.