कढईशेजारची जागा

माय, परवा माहेरी गेले, तर वहिनीने माझं अंथरूण तुझ्या कढईशेजारी घातलं. तू जाऊन किती वर्षं झाली, मला नातवंडं झाली, तरी ती जागा पाहिली आणि माझा जुना पोटशूळ उठला.

तो हिवाळा तुला आठवत असेल. मी पहिल्या बाळंतपणाला आलेली आणि नेमके त्याच वेळी वहिनीचेही दिवस भरत आलेले. तिची आई लहानपणीच गेलेली, त्यामुळे ती सासरीच. मळ्यातल्या घरात थंडी अशी, की वांग्याची झाडं करपून जात होती. स्वयंपाकघरात चूल ढणढणायची आणि भिंतीपलीकडे आम्ही दोघी काकडत बसायचो. तू मंगरूळला, दौऱ्यावर आलेल्या गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर भाजी द्यायला गेलीस, तिथली लोखंडी शेगडी पाहून आलीस आणि डोक्यावरची पाटी उतरवता उतरवता बाबाला म्हणालीस, "साहेबाचं लाकूड खोली तापवाले जयते, आपलं कौलं तापवाले!"

दुसऱ्या दिवशी हलवायाकडून कान तुटलेली कढई घेऊन आलीस. चुलीमागची मातीची भिंत फोडलीस, कढईचं तोंड जाळाकडे आणि पोट आमच्या खोलीकडे करून ती भगदाडात बसवलीस, कडेने कुटाराचा भुसा घातलेला चिखल लिंपलास. जाळ वर न पळता कढईत शिरावा म्हणून वरून आडवा दगड ठेवलास. कपाशीची पऱ्हाटी भसकन पेटते नि विझते, म्हणून भाकरी झाल्या की बाभळीचं खोड सारायचीस. खोली अशी उबदार झाली की बाबाही काहीतरी निमित्त काढून दारात उभा राहायला लागला. आत आम्ही दोघी पोटुशा आणि भिंतीतून बाहेर आलेलं ते काळं पोट तिसरं. आपण तिघी हसून हसून बेजार झालो.

ते हसणं तू अंथरुणं घालेपर्यंतच टिकलं. कढईला लागून वहिनी, मधे मी, दाराकडे तू. मी तिच्यादेखतच विचारलं, "माय, तुई लेक मी हाय का थे?"

"तुले माय हाय," तू गोधडी झटकत म्हणालीस. "तिले कोन हाय?"

लेक माहेरपणाला आलेली आणि मानाची जागा सुनेला, हे कुठल्या गावचं शहाणपण? वहिनीचे गाल उबेने लाल व्हायचे, ते पाहून माझा तिळपापड व्हायचा. पुढे बाळं झाली, तर तेलाची वाटीसुद्धा आधी तिच्या पोरासाठी कढईला टेकायची, मग माझ्या पोरीसाठी. पोर थोडीच तक्रार करणार होती, पण मी होते ना धुमसायला!

परवा वहिनी अंथरूण घालता घालता म्हणाली, "आता तुमालेबी माय नाही, बाई. तुमी निजा इकडं." मग उशी थोपटत राहिली. "त्या हिवाळ्यात मले तुमचा लय हेवा वाटे. मले कढई भेटली, पन माय तुमच्या पाठीले पाठ लावून निजे. दाराचा वारा सारा आपल्या अंगावर घे."

मला तिची कणव यायला हवी होती. मला आनंद झाला, माय. इतक्या वर्षांनी कळलं, कुणीतरी माझा हेवा केला होता, आणि तोही तिने. थोडा वेळ कढईला पाठ लावून पडले. ऊब खरंच चांगली आहे, उगीच नावं कशाला ठेवू? मग गोधडी ओढत दाराकडे गेले आणि तिथेच झोपले.

सकाळी वहिनी म्हणाली, "काहून बाई, इकडं थंडीत?"

"उकडून राह्यलं होतं," मी म्हटलं.

तुला पोचावा म्हणून तिथेच लिहायला घेतलेला हा कागद चुलीत घालावा असं मनात आलं होतं, पण त्याचीही ऊब वहिनीच्याच खोलीत गेली असती. म्हणून घरी घेऊन आले. उकडत नव्हतं, माय. दाराशी फार थंडी होती.