दात टेकले की सुटे

१६ जानेवारी
ऐच्छिक निवृत्तीचा अर्ज दिला. कारण: सततची डोकेदुखी. खरं कारण: प्राचार्य खुशालराव—पण रकाना लहान होता. बावीस वर्षं या कॉलेजात मराठी शिकवली. बावीस वर्षं या माणसांना ऐकलं. कपाळाभोवती ओला दोर बांधावा आणि तो वाळत जावा, तसं दुखतं.
खुशालराव अर्ज न वाचताच म्हणाले, "मराठी पंधरवडा तेवढा उरकून द्या मॅडम, मंग करा आराम."
भाषा उरकायची!

१८ जानेवारी
अकोल्याला गेले. जबड्याच्या डॉक्टर आरती. माझ्या विद्यार्थिनीच्या वयाच्या. गालावर, कानशिलावर बोटं रोवली. ओरडलेच.
"ओठ मिटलेले, दात सुटे—असं पाहिजे. तुमचे टेकतात काय?"
मला काय माहीत!
घरभर खुणा चिकटवायच्या. खूण दिसली की तपासायचं. शिवाय एक यंत्र दिलं: गालाला पट्ट्या, कमरेला डबी. स्नायू कधी आवळतो ते दिवसभर टिपतं. कॉलेजच्या दिवशी लावा, शनिवारी आणा.
"सगळ्यांचंच डोकं जबड्यामुळे दुखतं असं नाही हं. काहींचा स्नायू शांतच असतो."
एवढ्या लांब जाऊन शंका घेऊन आले.

१९ जानेवारी
खुणा म्हणून टिकल्या. आरसा, फ्रिज, गाडीचं हँडल, हजेरीपट. शेषराव निवृत्त झाल्यापासून नवरेपण पूर्णवेळ करतात. फ्रिजपुढे उभे.
"आरशावरची समजलो. फ्रिजले काहून लावली?"
सांगितलं.
"म्हंजे मी बोललो का तू दात आवळतं?"
"ते कळायला टिकली लागत नाही."
हसले. यांना अपमानही पोचत नाही.

२१ जानेवारी
सुटे. सुटे. सुटे. जेवायच्या वेळी डोकं दुखायचं ते दुखलंच.

२३ जानेवारी
पट्ट्या लावून कॉलेजात. प्राजक्ता मॅडम: "अवो माय! दाढ काढली का?" ही इतिहास शिकवते. पुरावा समोर असून निष्कर्ष असा.
मग सभा. दोन तास. खुशालराव "माझ्या दृष्टीनं" अकरा वेळा म्हणाले. मी मोजलं. आज आलेख फाटणार!

२५ जानेवारी
फाटला नाही. सभेत रेघ जवळजवळ सपाट. शेषरावांसमोरही सपाट. खुशालराव बोलत होते आणि माझा जबडा विसावला होता! इतका अपमान त्यांनीसुद्धा कधी केला नव्हता.
डोंगर एकच. संध्याकाळी सात ते आठ.
"तेव्हा काय करता?" डॉक्टर आरतींनी विचारलं.
"वाचते."
खोटं बोलले. तेव्हा मी ही वही लिहिते.

२६ जानेवारी
वहीच्या कोपऱ्यात टिकली लावली.
खुशालराव हे सभागृह नसताना अस्तित्वात नसतात—टेकले.
प्राजक्ताला सनावळी पाठ आहे, शतक माहीत नाही—टेकले.
शेषराव पेपर वाचतात, जाहिरातींसकट, मोठ्यानं—टेकले. कानशील ठणकलं.
आज भाजीत मीठ बरोबर होतं—सुटे.
म्हणजे दिवसभर ती माणसं माझं काहीच करत नाहीत. मीच त्यांना रोज इथे आणून चावते. आणि या दुखण्यापायी नोकरी सोडून बसले!
उद्या अर्ज परत मागायचा. त्या माणसाकडे.
टेकले.

२७ जानेवारी
वाक्य घडवून नेलं होतं. ताठ, छोटं. म्हणूच दिलं नाही.
"तो अर्ज? मागून वाचला, पण पाठवलाच नाही न, मॅडम. म्हटलं, डोकं दुखून राहिलं, त्या भरात लिहिला असंन. चार दिवस थांबू. तुमच्यासारखं शिकवणारं आणू कोठून?"
चहा मागवला. पाणचट होता. सगळा प्यायले.

३० जानेवारी
खुशालरावांवर एक वाक्य सुचलं. फार चांगलं जमलं होतं.
लिहीत नाही.