उंदरांच्या पाठीवरचे केस

सोमवार, ६ मार्च

आज सकाळी कोणालाही न सांगता प्राणीघरात गेलो आणि सहा उंदरांच्या पाठीवर परक्या घराण्याच्या उंदरांच्या कातडीचे तुकडे शिवले. औषध काहीच दिलं नाही. पट्ट्या बांधल्या, हात धुतले आणि तिथेच स्टुलावर बसून हात जोडले — देवा, हे तुकडे सडू देत!

वीस वर्षं उलटंच मागत आलो. मूत्रपिंड बसवलं की म्हणायचं, टिकू दे.

कारण मामा. प्राणीघर सांभाळणारे मामा शनिवारी निवृत्त झाले. चहा पिताना हसत म्हणाले, "डॉक्टर, पाच वर्षांपूर्वी तुमच्या उंदरांची दोन्ही घराणी एकत्र झाली होती बरं का! जाळी तुटली होती. सगळेच पांढरे, कोण कुणाचं काय कळतंय? मी आपले अंदाजाने वेगळे केले."

माझा चहा तसाच राहिला.

मंगळवार, ७ मार्च

नीट लिहून काढतो. एका घराण्याचं मूत्रपिंड दुसऱ्या घराण्याच्या उंदराला बसवलं, की शरीर ते परकं म्हणून ओळखतं आणि नासवतं. माझ्या इंजेक्शनाने ते थांबलं — रोजच्या गोळ्यांशिवाय मूत्रपिंड टिकलं. याच्यावरच माझं नाव झालं. कातडीचंही तसंच. पण घराणी मिसळून पुढची पैदास एकच झाली असेल, तर परकं काही नव्हतंच. इंजेक्शन न देताही टिकलं असतं!

इंजेक्शन न दिलेले उंदीर दर वेळी सोबत ठेवायचे असतात. मी फक्त सुरुवातीला ठेवले, सहा वर्षांपूर्वी. सगळे मेले. मग वाटलं, उत्तर ठाऊक असताना पुन्हा जीव कशाला घ्यायचे? तेच जुने आकडे वापरत राहिलो.

याला मी दया समजत होतो.

शुक्रवार, १० मार्च

धाकटी बहीण आली होती. तिच्या पोटात माझं मूत्रपिंड आहे, अकरा वर्षं झाली. सत्तावीस तारखेपासून इंजेक्शनाची माणसांवर चाचणी आहे, आणि रुग्णालयाच्या यादीत पहिलं नाव तिचं. गोळ्या हळूहळू बंद करणार.

"दादा, तोंड बघ माझं, गोळ्यांनी भोपळा झालाय नुसता!"

म्हटलं, थोडं थांबू या.

"का? तुझ्या उंदरांना जमलं. मी काय उंदरांपेक्षा गेलेली आहे?"

बायको हसली. मीही हसलो. गोळ्या सुटल्या आणि इंजेक्शन खोटं निघालं, तर तिचं मूत्रपिंड जाईल. आणि माझ्याजवळ आता एकच उरलंय.

सोमवार, १३ मार्च

सातवा दिवस. पट्ट्या सोडल्या. तुकडे गुलाबी.

मंगळवार, १४ मार्च

गुलाबीच.

गुरुवार, १६ मार्च

दहावा दिवस. एव्हाना काळे पडून गळायला हवे होते. सहाही तुकड्यांवर केस उगवलेत. पांढरे, बारीक, मऊ. बोट फिरवून पाहिलं.

गावच्या शाळेतले गुरुजी आठवले. पाटीवर चुकलं की तेवढाच आकडा खोडून वर दुसरा लिहिलेला त्यांना चालत नसे. म्हणायचे, "सगळी पूस."

शनिवार, १८ मार्च

संस्थेच्या मोठ्या सरांना सांगितलं. ऐकून घेतलं त्यांनी, अगदी शांतपणे. मग म्हणाले, "सहा उंदीर! सहा उंदरांपायी अख्खी संस्था बुडवतोस? माणसांत चालेलही तुझं इंजेक्शन. चाचणी होऊ दे, मग बघू."

दारापर्यंत सोडायला आले. खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "बहिणीचं नाव काढून घे हवं तर."

घरापर्यंत चालत आलो. तिच्या जागी जी येईल, तीही कोणाची तरी धाकटी असेल.

आणि खरं लिहायचं तर — क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

रविवार, १९ मार्च

प्रार्थनेला बसलो. मागायला काही सुचलं नाही.

मंगळवार, २१ मार्च

सकाळी दहाला दोन्ही पत्रं पाठवली. नियतकालिकाला — इंजेक्शनावरचा माझा शोधनिबंध मागे घेतोय. रुग्णालयाच्या समितीला — इंजेक्शन कोणालाही देऊ नका. दोन्हींवर सही माझी एकट्याची.

मग धाकटीला फोन केला. काही लपवलं नाही.

"म्हणजे गोळ्या जन्मभर?"

"हो."

"थांब मग. सकाळच्या राहिल्यात."

फोनवर पाण्याचा घोट ऐकू आला.